मितभाषी ओळखपत्र

देशाचं ओळखपत्र नव्यानं बनवायला हवं, हे कापगते सरांच्या ध्यानात आलं ते आलुबोंडा खाताना.

वीरेंद्र कापगते गोंदियाच्या एका खासगी तंत्रनिकेतनात संगणक शिकवत. संध्याकाळी घरी जाताना बाजारात थांबून एक आलुबोंडा खायचा आणि घरी जाऊन बायकोसमोर भूक नसल्याचं आश्चर्य व्यक्त करायचं, हा त्यांचा बऱ्याच वर्षांचा नेम होता. त्या दिवशी बोंडा संपला, बोटं पुसायला त्यांनी कागद उलटा केला, तर कागदावरून एक माणूस त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. कोणाच्या तरी आधारकार्डाची झेरॉक्स होती ती. नाव सेवकराम, गाव आमगावकडचं, जन्मतारीख, सही आणि सहीखाली पेनानं लिहिलेला मोबाइल नंबर. सगळं तेलात भिजून अधिकच ठळक झालं होतं.

दुसऱ्या कोणी तो कागद टोपलीत टाकला असता. पण शिकलेल्या माणसाला शिक्षण गप्प बसू देत नाही. सरांनी तिथूनच फोन लावला.

"सेवकरामजी ना? तुमची जन्मतारीख माझ्याकडे आहे, पत्ताही आहे. घाबरू नका. तुमची माहिती चुकीच्या हातात पडली आहे, एवढंच सांगायला फोन केला."

मग सेवकरामजींनी झाडीबोली, हिंदी आणि पोवारी अशा तिन्ही भाषांत सरांच्या घराण्याची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "आवाजावरून तं शिकलेला वाटतेस बाप्पा. मेहनत करून खा ना."

आयुष्यात एकदाही रांग न मोडलेल्या माणसाला भर बाजारात चोर ठरवण्यात आलं होतं. सर घरी आले ते कानाच्या पाळ्या लाल करूनच. त्या रात्री त्यांना खरोखरच भूक नव्हती.

जखम अशी ओली असतानाच दिल्लीच्या एका विभागाची जाहिरात त्यांच्या वाचण्यात आली. भविष्यातलं राष्ट्रीय ओळखपत्र कसं असावं, यासाठी नागरिकांकडून संकल्पना मागवल्या होत्या. अटी दोनच. कार्ड सुरक्षित हवं, आणि माणसाचा खासगीपणा त्यानं सांभाळायला हवा. सरांनी जाहिरात पुष्पांजलीला वाचून दाखवली. पुष्पांजली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असे, त्यामुळे कितीही मोठी कल्पना ऐकली तरी तिचा चेहरा हालत नसे.

"देशाचं करा," ती म्हणाली, "पण आधी आपला गॅस तुमच्या नावावर करून घ्या. तो अजून मामंजींच्या नावावर आहे, आणि त्यांना जाऊन किती वर्षं झाली."

सरांनी हा टोमणा मोठ्या मनानं सोडून दिला. मोठी कामं करणाऱ्यांच्या घरी गॅस नेहमी दुसऱ्याच कोणाच्या नावावर असतो, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

त्यांची कल्पना मात्र खरंच चांगली होती. दूधवाला दारात येऊन विचारतो, सर आहेत का? आपण 'आहेत' म्हणतो. त्यांना साखर आहे, ते अंघोळ करताहेत आणि त्यांचं मेव्हण्याशी पटत नाही, हे आपण सांगत नाही. मग ओळखपत्रानं तरी का सांगावं? सरांच्या कार्डावर नाव, नंबर, तारीख काहीच छापलेलं नव्हतं. कोरं पांढरं कार्ड. ते एका डब्यावर ठेवायचं, डब्यावरच्या बटणांनी प्रश्न विचारायचा. हा माणूस अठराच्या वर आहे का? डबा म्हणणार, हो किंवा नाही. पुढं एक अक्षर नाही. त्यांनी कार्डाचं नाव ठेवलं 'मितभाषी', आणि ते नाव सुचल्याच्या आनंदात त्या दिवशी दोन आलुबोंडे खाल्ले.

डब्यानं बोलायचं म्हणजे आवाज हवा. सरांनी पुष्पांजलीला गळ घातली. ती म्हणाली, "दिवसभर वर्गात हो आणि नाही म्हणून घसा बसतो. घरी फुकट नाही म्हणायची." म्हणून सरांनी न्हाणीघराचं दार लावून स्वतःच्याच आवाजात दोन शब्द भरले. 'हो' जरा खालच्या पट्टीत, 'नाही' जरा ठाम. ठाम 'नाही' त्यांना घरात फारसं म्हणायला मिळत नसे, त्यामुळे ते फार छान आलं.

पहिली चाचणी आईवर झाली. कुंदाबाई गावाहून आल्या होत्या. कार्ड आपलंच आहे हे पटवायला त्यांनी डब्यावर अंगठा टेकवला, डब्याचा लाल दिवा लागला. दुसरं बोट, पुन्हा लाल. जन्मभर चिखलात उभं राहून धानाची रोवणी केलेल्या बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. सगळी बोटं झाली तेव्हा डबा सरांच्या आवाजात म्हणाला, "नाही."

कुंदाबाईंनी हात पदराला पुसला. "आपल्या मायले वळखत नाही, असं मशीन बनवलंस का रे वीरू?"

सरांनी ठशांची भानगड काढून टाकली आणि तिच्या जागी चार आकडी गुप्त क्रमांक आणला. कुंदाबाईंनी गावी परत निघण्याआधी आपला क्रमांक साऱ्या शेजारणींना सांगून ठेवला, म्हणजे विसरला तर विचारता येईल.

मग सुरू झाले कागद. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे एखाद्या वस्तीत चाचणी घेऊन तिथल्या अध्यक्षाची सही आणि स्थानिक कार्यालयाचं ना-हरकत पत्र जोडायचं होतं. सर एका कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाबूंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "ओळखपत्र बनवणारे तुम्हीच का?"

"मीच."

"कशावरून?"

सरांनी आधारकार्ड दाखवलं. बाबू म्हणाले, झेरॉक्स लागेल. सरांनी समजावून सांगितलं की झेरॉक्सची ही पद्धत बंद व्हावी म्हणूनच तर त्यांचा सगळा खटाटोप आहे. बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंद होईल तेव्हा होईल. सध्या दोन प्रती, सहीसकट, खाली मोबाइल नंबर." त्यांनी दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथल्या बाईंनी तिसऱ्या. आणखी एका ठिकाणी, खोटी कार्डं छापणारी टोळी तर नव्हे, अशा नजरेनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहण्यात आलं. पत्र मिळालं तोवर सर शहरभर स्वतःच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स वाटून बसले होते. त्यानंतर बाजारात बोंडा खाताना ते कागद उलटून पाहीनासे झाले.

चाचणीसाठी नागरा रोडवरची आपलीच संजीवनी कॉलनी होती. कॉलनीच्या सभागृहात बैठक झाली आणि सल्ले आले. मेडिकल स्टोअरवाले भुपेंद्र रहांगडाले म्हणाले, कार्डात रक्तगट आणि साखर टाका, जमल्यास दुकानाची उधारीही टाका. मंदाबाई पटले म्हणाल्या, "फोटो नाही तं नाही, पण टाकला तं चांगला टाका. सरकारी फोटोत मी फरार झाल्यासारखी दिसतो." एकानं सुचवलं की माणूस कोणाचा जावई आहे तेवढं कार्डावर असलंच पाहिजे, कारण गोंदियात ओळख तशीच पटते. खासगीपणाचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली, आणि मग आपली माहिती द्यायला कोणीच पुढं आलं नाही.

अशा वेळी उभे राहिले भैयाजी बिसेन. भैयाजी कॉलनीचे अध्यक्ष आणि सगळ्यात वडीलधारे. राइस मिलचे मॅनेजर म्हणून जन्म काढलेला, पांढरा सदरा, हातात काठी; काठी टेकायला कमी, दाखवायला जास्त. दोन हिवाळ्यांपूर्वी याच सभागृहात कॉलनीनं त्यांचा अमृतमहोत्सव केला होता. पंचाहत्तर दिवे, शाल, श्रीफळ, 'आमचा वटवृक्ष' असा फाटकाएवढा बॅनर. तेव्हापासून भैयाजींचा शब्द अखेरचा असे. नळाच्या वेळेवरून भांडण असो की पार्किंगवरून, भैयाजी फाटकाजवळच्या बाकावरून म्हणत, "मी पंचाहत्तर पावसाळे पाहून सांगून राहिलो," आणि भांडण मिटे. बायको गेल्यापासून त्या बाकावरच त्यांचा दिवस जाई.

"सर आपला माणूस आहे," भैयाजी म्हणाले. "देशासाठी करून राहिला. मी फिरतो त्याच्यासंगं."

आणि ते खरंच घरोघर फिरले. सरांबरोबर एकेका दारात उभं राहून, काठीनं डब्याकडे बोट दाखवून, "हा फक्त हो अन् नाही म्हणते, चुगली करत नाही," असं सांगून त्यांनी सगळ्या कॉलनीला तयार केलं. शेवटी स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र त्यांनी सरांना घरात नेलं, दार लोटलं, आणि हळूच विचारलं, "सर, यात वय कोणाले दिसंल का?"

"कोणालाच नाही. मलाही नाही. तुम्ही आधारचा कागद यंत्रात सरकवायचा, ते वाचून घेतं आणि कुलूप लावतं. आकडा मीसुद्धा पाहत नाही."

भैयाजींनी सरांकडे बराच वेळ पाहिलं. मग कागद सरकवला. ते पाहणं कौतुकाचं होतं, असं सरांना वाटलं. त्या काळात त्यांना सगळ्यांचंच पाहणं कौतुकाचं वाटत होतं.

भैयाजींच्या सहीनिशी प्रवेशिका दिल्लीला गेली, आणि कॉलनीपुढचं प्रात्यक्षिक सव्वीस जानेवारीला ठेवलं. झेंडावंदन झालं, बुंदी वाटली गेली, सगळी कॉलनी सभागृहात जमली. सरांनी नवं जाकीट घातलं होतं. त्यांनी खासगीपणावर छोटंसं भाषण केलं; जवळच्या बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांचं विमान मध्येच डोक्यावरून घरघरत गेलं, तेव्हा थांबून शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, कारण ते चांगलं जमलं होतं. मग विचारलं, पहिलं कार्ड कोणाचं?

"माह्यं ठेवा," भैयाजी म्हणाले. अध्यक्षाचाच मान होता तो. त्यांनी कार्ड डब्यावर ठेवलं, गुप्त क्रमांक दाबला आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

सरांनी आकडा टाकला. अठराच्या वर आहे का? डबा खालच्या पट्टीत म्हणाला, "हो." टाळ्या पडल्या.

"साठ टाका," भुपेंद्र म्हणाले.

"हो."

"सत्तर."

"हो."

"झालं ना," भैयाजी म्हणाले. "आता दुसऱ्याचं घ्या. मंदाबाई, या तुमी."

पण टाळ्यांची चटक लागली होती. भुपेंद्रांनी हात लांब करून स्वतःच पंचाहत्तर दाबलं. त्यांच्या मनात काही पाप नव्हतं. पुढच्या टाळीची वेळ झाली होती, एवढंच.

"नाही," डबा ठामपणे म्हणाला.

पलीकडच्या भिंतीवर अमृतमहोत्सवाच्या बॅनरचे खिळे अजून तसेच होते. लोकांच्या नजरा आधी डब्यावर गेल्या, मग भैयाजींवर, मग कोणीतरी हळूच हसलं.

भैयाजी हसल्यासारखं करून म्हणाले, "बिघडलं असंल, सर. थंडी आहे. मशीन आहे, होते असं."

त्या एका क्षणाचा कापगते सरांनी पुढं पुष्कळ विचार केला. 'हो, बिघडलंय,' एवढंच म्हणायचं होतं. दोनच शब्द, मितभाषी. भैयाजींनी स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं होतं. पण सरांना त्या घडीला भैयाजी दिसलेच नाहीत. त्यांना दिसला तो तंत्रनिकेतनातला कापगते, ज्याच्या यंत्राला साऱ्या कॉलनीसमोर बिघडलेलं म्हटलं जात होतं. सेवकरामजींनी लाल केलेल्या पाळ्या पुन्हा तापल्या.

"मशीन चुकत नाही," ते म्हणाले. आणि ते सिद्ध करायला त्यांनी स्वतःच्या बोटानं बहात्तर दाबलं.

"नाही."

एकाहत्तर दाबलं.

"नाही."

"बघा," सर लोकांकडे वळून म्हणाले, "सत्तरच्या वर आहे, एकाहत्तरच्या वर नाही. सगळी उत्तरं एकमेकांशी जुळतात. म्हणजे यंत्र बरोबर आहे."

हे म्हणून झाल्यावर त्यांना ऐकू आलं, ते काय म्हणाले.

लोक बोटांवर हिशेब करत होते. म्हणजे पंचाहत्तरी झाली तेव्हा सत्तरीचाही नव्हता की काय हा माणूस? आणि ही सगळी उत्तरं डबा सरांच्याच आवाजात देत होता. जणू कापगते सर स्वतः भैयाजींच्या तोंडावर नाही, नाही, नाही म्हणत होते. भैयाजींनी कार्ड उचललं, खिशात घातलं आणि काठी टेकत बाहेर गेले. पहिल्यांदाच ती काठी खरंच टेकली जात होती. बुंदीचा द्रोण खुर्चीवर तसाच राहिला.

पुढच्या दिवसांत कॉलनी हसून घेत होती. कोणी म्हणे शाल परत घ्या, कोणी म्हणे पुढच्या वर्षी भैयाजींचं बारसं करू. नळाच्या वेळेवरून दोन घरं भांडली, तेव्हा भांडण मिटवायला कोणी नव्हतं; ते आठवडाभर चाललं. फाटकाजवळचा बाक रिकामा होता. भैयाजींनी अध्यक्षपदाचा राजीनामा भुपेंद्रांच्या दुकानात देऊन टाकला होता आणि दिवसा दार लावून घेऊ लागले होते.

मितभाषी कार्डं एकेक करून परत आली. मंदाबाईंनी आपलं अडकित्त्यानं दोन तुकडे करून आणलं. "माह्यं वय मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्ब्यानं कायले सांगाव लागते?" सरांनी तुकडे दोन्ही हातांनी घेतले, प्रसाद घ्यावा तसे.

पुष्पांजली त्यांना काहीच बोलली नाही, हे सगळ्यात वाईट होतं. ते सकाळी फाटकाकडून न जाता मागच्या बोळातून कॉलेजला जाऊ लागले. बाजारात बोंड्याच्या गाडीवर भुपेंद्र दिसले तर ते दुसऱ्या रस्त्यानं वळत. वर्गात कोणी "सर, बरोबर आहे का?" विचारलं की त्यांच्या तोंडून हो निघेना आणि नाही तर मुळीच निघेना. "बघू," असं म्हणायची सवय लागली.

शेवटी एका दुपारी पुष्पांजली म्हणाली, "मागच्या बोळातून किती दिवस जाणार? त्यांच्याकडे जाऊन या."

"काय म्हणू?"

"ते तिथं गेल्यावर कळेल. भाषण तयार करून जाऊ नका."

भैयाजींनी दार उघडलं, पाणी दिलं, खुर्ची दिली. सर खुर्चीच्या टोकावर बसले. 'माफ करा' हे शब्द ओठांशी आणून ते खिडकीकडे, पंख्याकडे, कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या शालीकडे पाहत राहिले. शालीवरून त्यांनी घाईनं नजर काढून घेतली.

भैयाजीच बोलले.

"सर, एक सांगा. तुमचं मशीन चुकत नाही म्हणता. त्यानं तारीख कुठून घेतली?"

"तुमच्या आधारकार्डावरून."

"आधारवाल्यानं?"

"शाळेच्या दाखल्यावरून घेतली असेल."

"अन् शाळेनं?" भैयाजींनी आपला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावला. "तिरोड्याकडं आमचं गाव, बोदलकसाच्या जवळ. मास्तरनं असं करून पाह्यलं. हात कानाले लागला, म्हणे झाला सहा वर्षांचा. अन् लिवली तारीख. मी तवा ढोरं राखत होतो, बापानं उशिरा घातलं शाळेत. मायले विचारलं तं म्हणे, मोठ्या पुरात झालास. आमच्याकडं पूर तं दर दोन-चार वर्षांनं येते. मंग मी एकाहत्तरचा का सत्त्याहत्तरचा, कोणाले माहीत? लोकानं बॅनर बनवून आणला, मी म्हटलं, असंल बाप्पा. आता बनवलेला बॅनर नाही कसा म्हणाचा?"

कुठल्याशा मास्तरनं पोराच्या कानाकडे पाहून मारलेला एक अंदाज, आणि तो सरांनी कुलूपबंद करून, बोलक्या डब्यात घालून, सव्वीस जानेवारीला सत्य म्हणून जाहीर केला होता.

"माझं चुकलं, भैयाजी," ते म्हणाले. फार लहान आवाजात निघालं ते. न्हाणीघरात भरलेल्या आवाजाशी त्याचं काहीच नातं नव्हतं.

"चुकलं तं चुकलं," भैयाजी म्हणाले. "पण लोकाइच्या समोर चुकलं, अन् माफी बंद घरात मागून राहिले तुमी." त्यांनी रिकामा पेला उचलला आणि आत नेला. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली. भैयाजी बाहेर आले नाहीत.

आणि नेमक्या याच सुमारास दिल्लीहून मेल आला. मितभाषी कार्ड शेवटच्या फेरीत निवडलं गेलं होतं. समितीशी व्हिडिओवरून बोलायचं होतं, आणि चाचणी झालेल्या वस्तीचा अध्यक्ष सोबत हजर हवा होता.

ज्या बातमीची सरांनी इतके दिवस वाट पाहिली होती, ती वाचून त्यांना घाम फुटला. माघार घेतो, ते पुष्पांजलीला म्हणाले.

"घ्या," ती म्हणाली. "पण मग भैयाजींचं जे हसं झालं ते कशासाठी झालं, हे एकदा त्यांना सांगून या."

सर पुन्हा गेले. या वेळी दारातच उभे राहिले आणि सरळ सांगितलं की असं असं आहे, तुम्ही नाही म्हणालात तर मी कळवून टाकतो.

"राजीनामा मंजूर कराले सभा लागते," भैयाजी म्हणाले. "सभा अध्यक्ष बोलावते. मी अजून बोलावली नाही. म्हणजे अध्यक्ष मीच आहो." आणि मग, "सभागृहातूनच बोला. घरातून नाही."

ठरलेल्या दिवशी सभागृहात लॅपटॉप मांडला. बातमी लागली होतीच. मंदाबाई, भुपेंद्र आणि अर्धी कॉलनी मागच्या खुर्च्यांवर येऊन बसली. पुष्पांजली शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली. भैयाजी सरांच्या शेजारी बसले, काठी मांडीवर आडवी. सरांनी नवं जाकीट घातलं नव्हतं.

पडद्यावर समितीचे तीन चेहरे उमटले. हिंदीत बोलत होते, अदबीनं. कल्पना त्यांना आवडली होती. कार्डावर काहीच न छापण्याचं एकानं विशेष कौतुक केलं. सरांना आतून बरं वाटू लागलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात येऊन लाज वाटली. मग मधल्या बाईंनी चष्मा सारखा करून कागद वाचला. चाचणीत भाग घेतलेल्यांपैकी कोणाच्या खासगीपणाला धक्का लागला का?

सभागृहात खुर्ची करकरली. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. ठाम नाही म्हणायचा सरांना आता सरावही होता.

"लागला," सर म्हणाले. "माझ्यामुळे लागला. हो-नाही, हो-नाही विचारत गेलं की सगळंच कळतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. नंतर यंत्र चुकलं म्हणायची संधी होती, तीही मी घेतली नाही. सगळ्या कॉलनीसमोर हे झालं, म्हणून सगळ्या कॉलनीसमोर सांगतो आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, नेमकं काय झालं ते सविस्तर सांगा. कोणाच्या बाबतीत, कुठली माहिती. नियमाप्रमाणे तपशील नोंदवल्याशिवाय प्रवेशिका पुढं जाऊ शकत नाही.

"ते सांगितलं तर पुन्हा लागेल," सर म्हणाले.

"मग प्रवेशिका बाद करावी लागेल, कापगतेजी."

"करा."

भुपेंद्र आपल्या चपलांकडे पाहत होते. सरांची मान खाली होती. पडद्यावर त्यांच्या टकलाचा सुरुवातीचा भाग तेवढा दिसत असावा. आपलं कार्ड गेलं याचं त्यांना वाईट वाटत होतंच, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. पण त्याहून जड काहीतरी अजून तिथंच बसलं होतं, आणि ते एवढ्यानं उठून जाणारं नव्हतं.

बाईंनी सुस्कारा सोडला आणि शेवटची औपचारिकता म्हणून सोबतच्या अध्यक्षांची नोंद घ्यायला सुरुवात केली. नाव विचारलं. भैयाजींनी सांगितलं. मग बाईंनी सवयीनं पुढचा प्रश्न विचारला. वय?

सरांचा हात लॅपटॉप बंद करायला अर्धा उठला. भैयाजींनी काठी उचलून तो हळूच खाली दाबला.

"कागद पर एकहत्तर," ते पडद्याकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "शाळेच्या मास्तरनं लिवलेलं. खरं किती ते मलेच माहीत नाही. लिहून घ्या. हे मी सांगून राहिलो, मशीन नाही."

मंदाबाईंनी मागून मोठ्यानं "बरोबर आहे" म्हटलं. बाईंना अर्धंच कळलं असावं, पण त्या हसल्या, त्यांनी लिहून घेतलं आणि हात जोडून म्हणाल्या, "धन्यवाद, दादाजी."

भैयाजी पुढं झुकले, चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला.

"दादाजी नाही," ते म्हणाले. "भैयाजी."